उष्टी हळद

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा श्रीकमल टॉकीजमधला प्रत्येक माणूस जखमी झाला होता. फक्त मला काही झालं नव्हतं.

मी आधी उजवीकडे पाहिलं, कारण तिथे माझी बायको केतकी बसली होती. तिच्या डाव्या खांद्याखाली बाण घुसला होता. पिसं काळी, दांडा हातभर. सिनेमातल्या अखेरच्या लढाईत तमोराजाचे सैनिक तसलेच बाण सोडत होते. केतकी रडत होती आणि दांड्यावरून बोटं फिरवत हसतही होती. तिच्या पलीकडच्या बाईंचा कान तुटून पदरात पडला होता, त्या तो उलटसुलट करून बघत होत्या. बाल्कनीतून रक्त ठिबकत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि ज्यांना टाळी वाजवण्यापुरते हात उरले नव्हते ते पाय आपटत होते.

अगदी पुढच्या रांगेतले सगळे जागीच गेले होते. पडद्यावरचा रथ त्यांच्या अंगावरून गेला होता. त्यांच्या घरची माणसं त्यांना हार घालत होती. हार त्यांनी येतानाच आणले होते.

"काय शेवट केलाय राव!" मागून रशीदभाई म्हणाले. कराडात माझं चष्म्याचं दुकान आहे, त्याला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली होती आणि उरलेल्या बोटांनी ते डोळे पुसत होते. "मोकाशी, आसला शिनमा जन्मात बघितला न्हाई. तुमास्नी कुठं लागलं?"

"बघतो," मी म्हणालो.

शर्टाची बटणं सोडून मी पोट, छाती, बगला पाहिल्या. पाठीवरून हात फिरवला. मांडीवर लाल डाग होता, तो बोटाने चाटून पाहिला. समोशाबरोबरची चटणी होती.

खरं सांगायचं तर सिनेमा मला ठीक वाटला. वाईट नव्हता, ठीक होता. 'उल्कागड'चा हा तिसरा आणि शेवटचा भाग. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर पानंच्या पानं भरली होती, आणि डोळ्यांचा नंबर काढायला येणारं गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच त्याच्याबद्दल बोलायला लागायचं. मीही मन लावून पाहिला. राजपुत्र अरिंजय मरायला टेकला, मग उठला, मग भाषण करून पुन्हा टेकला. त्याला ज्याचा त्याचा निरोप घ्यायचा होता. आईचा झाला, मित्राचा झाला, मग घोड्याचा. दोन भाग सगळ्यांना कापरं भरवणारा तमोराज शेवटी ओल्या मोरीत पाय घसरावा तसा बुरुजावरून पडला. आणि एवढी घनघोर लढाई झाली, पण अरिंजयाच्या अंगरख्याची इस्त्री मोडली नाही. ती इस्त्री एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. माझा स्वभावच तसला आहे. दुकानातही माणसाच्या आधी मला त्याच्या चष्म्याची वाकडी काडी दिसते.

पण हे केतकीला सांगण्यासारखं नव्हतं. आमची ओळखच पहिल्या भागाच्या रांगेत झाली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी खिशातल्या चष्म्याच्या दोरीने तो बांधून दिला होता. दुसऱ्या भागाच्या मध्यंतरात मी तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती रिकाम्या पडद्याकडे बघत हो म्हणाली. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली उल्कागडचा बुरूज छापला होता. पुढे आमची भांडणं झाली, बोलणं बंद झालं, तरी ती एक वाक्य म्हणायची आणि सगळं मिटायचं. "तिसरा भाग अजून यायचाय."

आता तो आला होता.

टॉकीजच्या पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मी केतकीला उजव्या बाजूने धरून खाली आणलं.

"तुझं कुठे?" तिने विचारलं.

"घरी जाऊन बघू."

लढाईवरून आलेल्याला दारात ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही, अशी रीत आहे. आमच्या गल्लीतून कित्येक पिढ्यांत कुणी लढाईला गेलेलं नव्हतं, तरी सगळ्या घरच्या आया तबकं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नव्हतं. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि वाटीत तेलात कालवलेली हळद. हळद जखमेत भरायची. जखम खरी असेल तर हळद तिथल्या तिथे कुंकवासारखी लाल होते, रक्त थांबतं आणि अंगात जे काही घुसलेलं असेल ते आपोआप गळून पडतं. नवरा-बायको दोघंही जखमी असतील तर आधी नवऱ्याच्या जखमेत भरायची आणि तिथली उष्टी हळद काढून बायकोला लावायची, लग्नात लावतात तशीच. उलटं करून चालत नाही. बायकोला नुसती, कोरी हळद लावली तर ती लागतच नाही.

समोरच्या दारात शिरगुप्पे नवरा-बायको उभे होते. त्याचं कपाळ भुवईपासून टाळूपर्यंत उकललं होतं. तिच्या मानेत भाला आडवा गेला होता, त्यामुळे तिला दारातून तिरकं व्हावं लागत होतं. शिरगुप्प्यांच्या आईने मुलाच्या कपाळाच्या भेगेत चिमटीने हळद भरली. हळद लाल झाली. त्यातलीच थोडी काढून तिने सुनेच्या मानेला लावली. भाला गळून उंबऱ्यावर पडला. दोघं उजवा पाय टाकून आत गेली आणि थोड्या वेळाने त्यांच्याकडून फोडणीचा वास आला.

मग आमची पाळी आली.

"कुठे लागलंय रे?" आईने विचारलं.

ती निरांजन माझ्याभोवती फिरवत जखम शोधू लागली. कानामागे पाहिलं. तोंड उघडायला लावून टाळू पाहिली. बूट आणि मोजे काढायला सांगितले. तळवे पाहिले. गल्लीतलं बोलणं एकेक करून थांबलं आणि सगळी तबकं आमच्या दाराकडे वळली.

केतकी खाली बघत होती. तिच्या बाणावरून रक्ताचे थेंब रांगोळीत पडत होते. ती अगदी हळू म्हणाली, "हेरंब, आपण दोघं एकच सिनेमा बघत होतो ना?"

"आतली आहे," मी म्हणालो.

"काय?"

"जखम. आतली आहे."

केतकीने मान वर केली. इतक्या आनंदाने तिने माझ्याकडे आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तेवढ्या एका नजरेसाठी मी आणखी काहीही बोललो असतो.

"आतली म्हंजे लई मोठी की!" शिरगुप्प्यांची आई म्हणाली. "अख्ख्या गावात आतली कुणाला घावली न्हाई."

"मग हळद कुठे लावू?" आई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी तिनेच ठरवलं. "ह्याची वर येऊ दे. तोवर हिलाही लावता येणार नाही."

"मी थांबते, आई," केतकी म्हणाली. "त्याची माझ्यापेक्षा मोठी आहे."

दुसऱ्या दिवसापासून लोक मला भेटायला यायला लागले. शहाळी, मोसंबी, ग्लुकोजची बिस्किटं. बसायला जागा पुरेना म्हणून बाहेरची खोली खिडकीच्या बाजूने लांब व्हायला लागली. येणारे आपापल्या गळून पडलेल्या भाल्यांबद्दल बोलायचे. गल्लीत आता सगळीकडे ते भाले दोन खिळ्यांवर आडवे टाकून त्यांच्यावर कपडे वाळत घातलेले असायचे. मग आवाज खाली आणून माझ्याकडे वळायचे.

"दुखतं का वो?"

"आतून," मी म्हणायचो.

नीट ठिकाणी कण्हायला मी लवकरच शिकलो. केतकी माझ्या उशाशी बसून मला पेज भरवायची. एका हाताने, कारण डावा हात तिला वर करता येत नव्हता. आम्ही लग्नानंतर एवढे कधी एकमेकांजवळ बसलो नव्हतो. मी सुखात होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

बाण आत सरकतोय हे चौथ्या-पाचव्या पाहुण्यांच्या वेळी माझ्या लक्षात आलं. रशीदभाई उरलेल्या बोटांनी बशी धरून चहा पीत होते. "कायबी म्हणा, पर शेवट म्हंजे शेवट हुता," ते म्हणाले, आणि केतकीच्या खांद्यातला दांडा खट्‌कन थोडा आत गेला. केतकीने ओठ चावला आणि हसून मान डोलावली. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. कुणी मनापासून शेवटाची तारीफ केली की बाण आत जायचा. आणि लोक दिवसभर दुसरं काही बोलतच नव्हते.

आईने सिनेमा पाहिलेला नव्हता. पाहुण्यांच्या मर्जीखातर ती म्हणायची, "हो ना, छानच असणार शेवट." तेव्हा बाण हलायचा नाही.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. केतकी भिंतीला उजवा खांदा टेकून बसली होती. पाठ टेकून तिला बसता येत नव्हतं, बाणाचं टोक बरगड्यांतून काळजाच्या बाजूला निघालं होतं. "शेवट कसला होता ना?" ती म्हणाली.

"अप्रतिम," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्या खांद्याकडे पाहिलं. दांडा जागच्या जागी होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग पदर ओढून दांडा झाकला आणि पेज गार होतेय म्हणाली.

मला तपासायला डॉक्टर हळबे येत. त्यांचा खालचा जबडा लढाईत गेला होता आणि हळद लागून तिथे गुळगुळीत खपली धरली होती, तरी त्यांचं बोलणं पूर्वीसारखंच स्पष्ट होतं. त्यांनी माझी नाडी पाहिली, केतकीचा बाण बोटांनी मापला.

"पिसं आत गेली की संपलं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "तुमची हळद लवकर झाली पाहिजे."

मी दुकान उघडलं, शटर आतून ओढून घेतलं आणि भिंगं घासायच्या यंत्रावर डावा तळवा धरला. कातडी फाटली, मांस दिसलं, आतलं पांढरं हाड दिसलं. मी ओरडलो, पण शटर बंद होतं. घरून रुमालात बांधून आणलेली हळद मी त्यात दाबून भरली. रक्त यंत्रावर सांडत राहिलं आणि हळद पिवळीच्या पिवळी राहिली. मग मी कात्रीने दंडाला कापलं. मग मांडीला. हळद पिवळीच. ते साधं रक्त होतं, दाढी करताना येतं तसलं. सिनेमाच्या रक्ताला जळक्या चंदनाचा वास येतो. माझ्या रक्ताला लोखंडाचा येत होता.

तळव्याला चिंधी गुंडाळून मी घरी आलो आणि केतकीच्या समोर बसलो.

"ऐक," मी म्हणालो. "माझ्या आत काही नाही. मला काहीही लागलेलं नाही."

"अरे, असं नसतं."

"मला सिनेमा ठीक वाटला."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक. निरोप फार लांबले. तमोराज उगीचच पडला. अंगरख्याची इस्त्री मोडली नाही. मी तुझ्या शेजारी बसून घरी जाऊन काय खायचं त्याचा विचार करत होतो. केतकी, मी त्या दिवशी दारात खोटं बोललो. तुझा चेहरा बघवला नाही म्हणून."

तिने माझा चिंधी बांधलेला हात तिच्या मांडीवर घेतला. "बोलू नकोस," ती म्हणाली. "फार दुखतंय ना तुला?" आणि तिने खिडकीतून समोर हाक मारली. "काकू, डॉक्टरांना बोलवा. ह्याला भ्रम व्हायला लागलाय."

डॉक्टर हळबे आले. मी त्यांनाही सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लक्षणच आहे ते," ते म्हणाले. "जखम जितकी खोल, तितका सिनेमा ठीक वाटतो. पुन्हा एकदा पाहा. जखम वर येईल."

दुपारच्या खेळाला मला पुन्हा श्रीकमलमध्ये नेलं. टॉकीजचे मालक अण्णा शेटे स्वतः मला धरून आत घेऊन गेले. त्यांचं डोकं खांद्यावर नव्हतं, काखेत होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं होतं, हळद लावायला नकार दिला होता. "आपल्याच टाकीजात गेलंय, ऱ्हाऊ दे तसंच," काखेतलं डोकं म्हणालं. मला मधोमधची खुर्ची दिली होती. बाकी सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळवलेल्या होत्या, पुढच्या पडद्याकडे पाठ करून.

मी जीव तोडून प्रयत्न केला. अरिंजय पहिल्यांदा टेकला तेव्हा मी वडिलांचं शेवटचं आजारपण आठवलं. घोड्याचा निरोप आला तेव्हा केतकीचा बाण डोळ्यांसमोर आणला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते केतकीसाठी होतं. लढाई सुरू झाली आणि पडद्यातून बाण सुटायला लागले. लोकांच्या पाठीत शिरून छातीतून बाहेर येऊ लागले. शेजारच्या म्हाताऱ्याचं डोकं कुऱ्हाडीने दुभंगलं आणि दोन्ही बाजूंनी तो माझ्याकडेच बघत राहिला. एक भाला सरळ माझ्यासाठी म्हणून निघाला. मी छाती पुढे केली. तो माझ्या कपाळाशी आला, थबकला, टोक इकडेतिकडे हललं. त्याच वेळी माझी नजर अरिंजयाच्या बाहीवर गेली. बाहीवर सुरीच्या धारेसारखी घडी होती. भाला मला वळसा घालून मागच्या माणसाच्या पोटात घुसला.

"आभारी आहे," तो माणूस मला म्हणाला.

दिवे लागल्यावर सगळ्यांनी मला नखशिखान्त तपासलं. कुणी नाराज झालं नाही. जखम फारच खोल आहे, एवढंच सगळ्यांचं ठरलं.

घरी आलो तेव्हा बाणाचा दांडा संपला होता. केतकीच्या खांद्याबाहेर फक्त पिसं होती. ती बसल्या बसल्या झोपली होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बाहेरच्या खोलीत पाहुणे शेवटाबद्दल बोलत होते. मी त्यांना ओरडून बाहेर काढलं, तर ते खिडकीशी उभे राहून बोलू लागले. मी केतकीला उचललं. जिथे कुणी हा सिनेमा पाहिलेला नाही अशा गावाला तिला न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

स्टँडकडे जाणारा रस्ता मला डोळे मिटूनही सापडतो. मी मारुतीच्या देवळावरून वळलो आणि समोर श्रीकमल टॉकीज आली. मागे फिरून कृष्णेच्या बाजूने निघालो, घाटाच्या पायऱ्या उतरलो, तर त्या टॉकीजच्या पायऱ्या होत्या. मंडईतून गेलो. भाजीवाल्या बायका बाजूला झाल्या आणि त्यांच्यामागे टॉकीजचं तिकिटघर होतं. पायऱ्यांवर डॉक्टर हळबे, रशीदभाई आणि काखेत डोकं घेतलेले शेटे माझी वाट बघत होते. आई वाटी घेऊन उभी होती.

"आता उघडावंच लागेल," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या स्टेजवर," शेट्यांचं डोकं म्हणालं. "जखम जिथं झाली तिथंच. आनि मोकाशी, येवढी मोठी जखम चार भिंतींच्या आत उघडली तर गाव मला काय म्हनंल?"

"आत काही नाही," मी म्हणालो.

"आसंच म्हनत्यात," रशीदभाई म्हणाले आणि त्यांनी प्रेमाने माझे पाय धरले.

समोसे ठेवायचं टेबल पडद्यासमोर लावलं होतं. त्याच्यावर मला उताणं झोपवलं. टॉकीज तुडुंब भरली होती, गॅलरीच्या कठड्यावर माणसं बसली होती. पुढच्या रांगेत मेलेलेसुद्धा हारांसकट आणून बसवले होते. केतकीला विंगेत खुर्ची दिली होती. तिच्या मांडीवर हळदीची वाटी होती. सिनेमाही लावला होता, कारण तो लावल्याशिवाय शेट्यांना अंधार करवत नव्हता. माझ्या अंगावरून, डॉक्टरांच्या कोटावरून अखेरची लढाई चालली होती.

"भूल देत नाही," डॉक्टर म्हणाले. "जखम झोपते."

त्यांनी गळ्याखालून बेंबीपर्यंत एका दमात चिरलं. शिट्ट्या वाजल्या. दुखणं एवढं होतं की सुरुवातीला मला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. मग ते माझंच आहे हे कळलं आणि मी किंचाळलो, आणि त्या किंचाळण्यालाही टाळ्या पडल्या. दोन माणसांनी दोन बाजूंनी बरगड्या धरून ओढल्या. त्या कडाकड मोडल्या. लोक उभे राहिले. रक्त टेबलावरून स्टेजवर, स्टेजवरून पुढच्या रांगेतल्या हारांवर गेलं.

तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं की आत काहीतरी असेल. डॉक्टरांना माहीत असेल, मला नसेल. एखादा बाण, बाणाचं टोक, निदान एक ओरखडा. त्या दिवशी अंधारात मला काहीतरी लागलंही असेल आणि मी आपला इस्त्रीकडे बघत बसलो म्हणून कळलं नसेल. मी आयुष्यात कुठल्याच गोष्टीसाठी एवढी आशा धरली नव्हती. विंगेत पिसं वरखाली होत होती.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला.

"यकृत," ते म्हणाले आणि उजेडात धरलं. "चांगलं आहे." ते त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं. "आतडी. चांगली आहेत." ती बराच वेळ निघत राहिली. फुप्फुसं त्यांनी उलटी करून पाहिली. शेवटी माझं काळीज तळहातावर घेऊन ते पडद्यावरून येणाऱ्या उजेडाकडे नेलं आणि नंबर बघताना मी भिंग फिरवतो तसं हळूहळू फिरवलं. ते धडधडत होतं. त्याच्यावर काही नव्हतं.

"अजून आत बघा की," गॅलरीतून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी अजून आत पाहिलं. मग टेबलाची फळी लागली.

टॉकीज शांत झाली. स्टेजवरून प्रेक्षकांचे चेहरे दिसतात हे मला माहीत नव्हतं. मी एकेक चेहरा बघत गेलो आणि प्रत्येक ओळखीचा वाटला. त्या दिवशी अंधारात माझा चेहरा तसा असणार. रशीदभाई माझे पाय सोडून खाली जाऊन बसले होते आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे टक लावून बघत होते.

"येवढं कापलं," ते शेजाऱ्याला म्हणाले, "पर इस्त्री मोडली न्हाई."

"व्हय की."

"ठीक हुतं."

कुणीतरी जांभई दिली. खुर्च्यांखाली लोकांचे पाय चपला शोधायला लागले. तो आवाज पुढून मागे पसरत गेला. पडद्यावर अरिंजय अजून घोड्याचा निरोप घेत होता, त्याच्याकडेही कुणी पाहिलं नाही. दारं उघडली आणि संध्याकाळचं ऊन आत आलं. डॉक्टर हात पुसत निघून गेले. आई केतकीकडे पाहत थोडा वेळ थांबली, मग गर्दीबरोबर तीही गेली.

केतकी खुर्चीतून उठली. एकेक पाऊल थांबत टेबलापाशी आली. पायात तीच चप्पल होती, अंगठ्याला माझी दोरी बांधलेली. तिने वाटीतली हळद बोटांवर घेतली आणि माझ्या आत हात घातला. डाव्या बाजूला लावली आणि वाट पाहिली. उजव्या बाजूला लावली. डॉक्टरांनी काळीज टेबलावर तसंच ठेवलं होतं, त्याला चहूबाजूंनी लावली. मग तिने हात बाहेर काढला आणि आम्ही दोघांनी तो पाहिला. कोपरापर्यंत पिवळाजर्द होता.

"अजून कुठे लावू?" तिने विचारलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते बघून ती खाली वाकली आणि हळदीच्या हाताने तिने माझा चेहरा धरला.

"छान होता, हेरंब," ती म्हणाली. "शेवट खरंच छान होता."

तिच्या खांद्यावर काळी पिसं बोटभर बाहेर उरली होती. ती हलतात का, हे मी पापणी न लवता बघत राहिलो.